क्लचचं डोकं कोणाचं?

बावीस वर्षं ज्या डोक्यावर आपला हात फिरला, त्याकडे दुसऱ्या कुणी नुसतं वाकून बघितलं तरी सलूनवाल्या दादाच्या कपाळाला आठ्या पडायच्या. डोकं होतं क्लचचं. क्लच हे काही त्याचं खरं नाव नव्हे. तो गाडी चालवायला शिकवायचा, दिवसभर शेजारच्या सीटवरून "क्लच! अरे क्लच!" असं बोंबलायचा, म्हणून हेच नाव त्याला चिकटलं आणि त्यानेही ते मुकाट्याने लावून घेतलं.

महिन्याच्या पहिल्या शनिवारी सकाळी तो यायचा आणि दादाच्याच खुर्चीत बसायचा. शेजारची खुर्ची दादाच्या धाकट्या भावाची. ती रिकामी असली आणि दादाकडे तिघं ताटकळत असले तरी क्लच पेपर चाळत थांबायचा. धाकट्याला त्याचं काही वाटायचं नाही. दादाला मात्र अंगावर मूठभर मांस चढायचं.

त्या शनिवारी गळ्याभोवती कापड बांधून होतंय न होतंय तोच क्लच म्हणाला, "दादा, मी केस लावून घेणार."

"कसले?"

"माझेच. मागचे काढून पुढे लावतात. काल शिकायला आलेली एक पोरगी मला म्हणते, आजोबा, ब्रेक दाबू का? आजोबा! सेहेचाळीस वर्षांचा आहे मी."

"मग दाबला का तिने?"

"दाबला ना. माझं कपाळ काचेला लागलं. तिथे केस असते तर एवढं लागलंही नसतं."

दादा हसला खरा, पण कंगवा हातातच राहिला. या डोक्यावर आता दुसरा कुणीतरी हत्यार चालवणार. आणि पुढे लोक म्हणणार, वा, काय केस आहेत, कोणी केले? तेव्हा क्लच कुठल्यातरी डॉक्टरचं नाव घेणार.

"तू माझ्याबरोबर चल," क्लच म्हणाला. "डॉक्टर निवडायला. माझं डोकं तुझ्याइतकं कुणाला कळतं?"

हे ऐकून दादा जरा निवला. मान साफ केली, उजवीकडची लांब बट टाळूवरून आडवी फिरवली, ड्रायरने फुलवली, आणि शेवटी हातातला गोल आरसा मागे धरला. धरला तो मानेशी, चार बोटं खाली, आणि क्लचने मान डोलावताच झटकन काढूनही घेतला.

ही चार बोटं हेच दादाचं गुपित होतं. क्लचची टाळू सहा वर्षांपासून विरळ होत चालली होती. पहिल्यांदा ते दिसलं तेव्हा क्लच आधीच पुढच्या केसांच्या दुःखात होता. त्याचं उतरलेलं तोंड बघून दादाने त्या दिवसापुरता आरसा खाली धरला. पुढच्या महिन्यातही धरला. मग वर न्यायची सोयच उरली नाही. क्लचची बायको घरी सांगायची, "अहो, मागे चंद्र उगवलाय." क्लच म्हणायचा, "तू काहीही बोल, आरसा कशाला खोटं बोलेल?" जन्मभर पोरांना मागचा आरसा बघायला शिकवणारा हा माणूस, त्याला त्याच्याच मागचं ठाऊक नव्हतं.

पहिले डॉक्टर वयस्कर होते. ते डोक्याच्या मागून कातडीची एक बारीक पट्टी काढायचे, तिच्यातली मुळं सुटी करून पुढे लावायचे आणि पट्टीच्या जागी टाके घालायचे. "एक रेघ राहते मागे. केस वाढवले की झाकली जाते," ते म्हणाले. त्यांनी डोक्याला हातही न लावता हे सांगितलं, म्हणून दादाला ते बरे वाटले. तरी जिना उतरताना त्याने खोट काढलीच. "रेघ काय म्हणतो? मी मागे बारीक कापतो. ती रेघ काय मी माझ्या हाताने उघडी पाडू?"

"तेही खरंच," क्लच म्हणाला.

दुसऱ्या ठिकाणी एक डॉक्टरीणबाई. दोन खोल्यांचा दवाखाना, बाहेर चार खुर्च्या, भिंतीवर एकही जाहिरात नाही. बाई एकेक मूळ सुईने सुटं काढायच्या, पट्टी नाही की टाका नाही, आणि दिवसाला एकच माणूस घ्यायच्या. त्यांनी क्लचला दिव्याखाली बसवलं आणि दोन बोटांनी हनुवटी धरून त्याचं डोकं अलगद डावीकडे वळवलं. दादाचे कान तापले. असंच वळवायचा तो, नेमकं असंच, दोन बोटांनी. आणि क्लच बेटा निमूटपणे वळला! बावीस वर्षं दादाला वाटत होतं की हे डोकं आपल्याच बोटांना असं वश होतं.

बाईंनी भिंग लावलं. मानेवर डाव्या कानामागे त्यांचं बोट थांबलं. "इथे एक लहानसा भोवरा आहे. केस उलटे वाढतात. इथून मूळ काढताना सुईसुद्धा तिरपी धरावी लागेल."

त्या भोवऱ्याने दादाला तीन वर्षं छळलं होतं. मशीन सरळ चालवलं की तिथे टक्कल पडल्यासारखा ठिपका दिसायचा. कात्री कोणत्या कोनात धरायची हे त्याचं त्याने शोधून काढलं होतं आणि धाकट्यालाही कधी सांगितलं नव्हतं. आणि या बाईला तीन मिनिटं पुरली. दादाचा नुसता जळफळाट झाला. काहीतरी चूक काढावी म्हणून त्याने बाईंची नखं बघितली. नखं छान कापलेली, स्वच्छ होती.

"मागे जेवढी मुळं आहेत तेवढीच," बाई सांगत होत्या. "एकदा काढली की तिथे पुन्हा उगवत नाहीत. सगळी पुढे खर्चून टाकायची नसतात. तुमची टाळूही विरळ झाली आहे, आणखी होणार. आधी सहा महिने औषध घ्या. मग मी पुढची रेषा वर धरून थोडीच लावीन, बाकीची टाळूसाठी राखून ठेवीन. आत्ताच कपाळ भरून टाकलं तर दहा वर्षांनी पुढे झुडूप आणि मागे मैदान अशी गत होईल."

"टाळू? माझी?" क्लच हसायला लागला. बाईंनी मोबाइलवर फोटो काढून समोर धरला. तो बघून क्लचचं हसू जरा ओसरलं, पण ओठांवर राहिलं. "दिव्याचा उजेड आहे हा. दादा, सांग यांना. तू दर महिन्याला मला आरशात दाखवतोस."

"केस तुम्ही कापता?" बाई दादाकडे वळल्या. "मग तुम्हाला माहीतच असेल. पाच-सहा वर्षं तरी झाली असतील ना?"

दोघंही त्याच्याकडे बघत होती. बाईंचं बोट अजून त्या भोवऱ्यावर होतं. दादाला त्या बोटाचा इतका राग आला की भीती वाटायचीच राहून गेली.

"छे," तो म्हणाला. "फ्लॅश मारला की कुणाचंही डोकं उघडं दिसतं. टाळू भरलेली आहे. मी बघतो ना दर महिन्याला."

बाईंनी भिंग पुसून पेटीत ठेवलं.

तिसऱ्या ठिकाणी काचेची दारं, गुबगुबीत सोफे आणि कोटातला एक गोडबोल्या तरुण. डॉक्टर कुठे, असं विचारल्यावर तो म्हणाला, "डॉक्टर थेट त्या दिवशीच भेटतील, आमची टीमच सगळं करते." क्लचचे समोरून दोन फोटो काढले, पेनाने कपाळावर भुवयांपासून चार बोटांवर एक ऐसपैस रेषा आखली, साडेचार हजार मुळं, एका बैठकीत काम फत्ते. मागे कुणी बघितलंसुद्धा नाही. तिथे क्लचच्या डोक्याला कुणी बोट लावलं नाही, आणि दादाला हे ठिकाण पसंत पडायला तेवढं पुरलं.

"हे बरं," तो म्हणाला. क्लचने लगेच पुढच्या आठवड्यातली तारीख घेतली.

त्या दिवसापासून दादाचं कशात लक्ष लागेना. दोन गिऱ्हाइकांचे कल्ले कमीजास्त झाले. तिन्ही दवाखान्यांची हकीकत कानावर आलेल्या धाकट्याने शेवटी विचारलं, "दादा, क्लचला टाळूचं सांगितलंस ना?"

"तुला काय करायचंय?"

"मला काही नाही. पण मागचं सगळं काढून पुढे लावलं, तर मागे आणायचं कुठून?"

"डॉक्टर तू आहेस का?"

"मी नाही," धाकटा केर गोळा करत म्हणाला. "ती बाई होती."

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सकाळी क्लच आला. काचेच्या दारवाल्यांनी मागचे आणि बाजूचे केस अगदी बारीक करून यायला सांगितलं होतं. "ते तिथेच करतो म्हणाले," क्लच खुर्चीत बसत म्हणाला, "पण म्हटलं, शेवटचं माझ्या माणसाच्या हातून होऊ दे."

माझ्या माणसाच्या! दादाने मशीन चालवलं. मानेवरच्या भोवऱ्याशी हात आपोआप तिरपा झाला. मग उजवीकडची ती लांब बट कापली, सहा वर्षं जपलेली, आणि ती जमिनीवर पडली. टाळू उघडी पडली. दादाला वाटलं होतं त्याहून ती कितीतरी मोठी होती. आता फुलवायलाही काही उरलं नव्हतं. अजून आरसा होता. चार बोटं खाली धरला की क्लच उद्या हसत जाणार होता, हसतच परतणार होता. आणि दहा वर्षांनी? दहा वर्षांनी त्याच्या डोक्यावर जे काही उरेल, ते दर महिन्याला या खुर्चीत याच हाताखाली असणार होतं.

दादाने गोल आरसा उचलला आणि सरळ टाळूमागे धरला. आरसा सवयीने खाली जाऊ नये म्हणून दुसऱ्या हाताने मनगट धरलं.

क्लच मान डोलवायला गेला आणि थांबला. दोन आरशांमध्ये तो बराच वेळ बघत राहिला. धाकट्याने आपलं मशीन बंद केलं.

"कधीपासून?"

"सहा वर्षं."

"आणि त्या बाईंसमोर? तिथे का खोटं बोललास?"

दादाला सांगता आलं असतं की तुझं मन मोडू नये म्हणून. सहा वर्षांपूर्वी ते खरंही होतं. पण तो म्हणाला, "तिने तुझं डोकं माझ्यासारखं वळवलं. मला बघवलं नाही."

क्लचने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू पहिल्यांदाच पाहतोय. "केसाने गळा कापलास माझा," तो म्हणाला आणि उठला. गळ्याला कापड तसंच बांधलेलं होतं. तसाच तो रस्त्यावर गेला, गाडीत बसला आणि निघून गेला. त्या गडबडीतही निघण्याआधी त्याने मागचा आरसा नीट केला, हे दादाने काचेतून बघितलं.

पहिला शनिवार आला आणि गेला. असे कितीतरी गेले. क्लच काचेच्या दारवाल्यांकडे गेला नाही आणि डॉक्टरीणबाईंचं औषध घेतोय, एवढं धाकट्याच्या कानावर आलं. पुढे वर्षाने म्हणे बाईंनी थोडी मुळं लावली. दादा रोज गाडी समोरून जाताना बघायचा. पुढे केस आले होते, फार नाहीत, वयाला शोभतील इतके. त्याचं दादाला वाईट वाटलं नाही. पण एकदा गाडी सिग्नलला थांबली आणि क्लचची मान दिसली. डाव्या कानामागे वाटाण्याएवढा पांढरा ठिपका होता. कुठल्यातरी भामट्याने मशीन सरळ चालवलं होतं. तेव्हा मात्र दादाच्या अंगाचा तिळपापड झाला. कोण होता तो? कुठल्या खुर्चीत बसतो हा आता?

पावणेदोन वर्षांनी एका शनिवारी सकाळी दार उघडलं आणि क्लच आत आला. त्याच्या हातात ते कापड होतं, धुऊन, इस्त्री करून घडी घातलेलं. ते त्याने आरशाखालच्या फळीवर ठेवलं. दादाने आपली खुर्ची घाईघाईने झटकली आणि त्याच्याकडे वळवली.

क्लच धाकट्याच्या खुर्चीत बसला.

धाकट्याने दादाकडे पाहिलं. दादाने मान हलवली, कर म्हणून, आणि आपल्या गिऱ्हाइकाच्या दाढीला फेस लावू लागला. डोळे मात्र तिकडेच. धाकट्याने कापड बांधलं, डोकं दोन बोटांनी वळवलं. क्लच वळला. मशीन मानेवर आलं, सरळ, डाव्या कानाच्या दिशेने.

"तिथे नको," दादाच्या तोंडून गेलं. "तिरपं धर. खालून वर. तिथले केस उलटे आहेत."

धाकट्याचा हात थांबला. समोरच्या आरशात क्लचने दादाकडे बघितलं.

"नीट दाखव त्याला," क्लच म्हणाला. "मी आता इथेच बसणार आहे."

दादा ब्रश ठेवून उठला. त्याने धाकट्याचं मनगट धरून तिरपं केलं, कोन दाखवला, आणि सोडून दिलं. धाकट्याला तो पहिल्याच फटक्यात जमला. शेवटी धाकट्याने गोल आरसा मागे धरला, सरळ, आणि क्लचने सावकाश, हवं तितका वेळ, आपलं डोकं पाहून घेतलं.