दहा वाजताचे पाच पेशंट

दातांच्या दवाखान्यातलं नवं सॉफ्टवेअर आपल्या ऑफिसातल्या मुलीनेच लिहिलंय, असं डॉक्टरीणबाई येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगत. तिनेच तसं सांगितलं होतं. बाळ सहा महिन्यांचं, तीन आठवडे घरून काम करायचं, तर कामही तेवढं मोठं दाखवायला हवं ना! खरं तर ते क्लाउडच्या मार्केटप्लेसवर, म्हणजे इंटरनेटवरच्या सॉफ्टवेअरच्या बाजारात, तयार मिळालं. निवडलं, चार बटणं दाबली, दुपारचा चहा होईतो चालूही झालं. आयत्या बिळावर नागोबा. ‘नमुन्याच्या नोंदींसह’ या चौकटीतली आधीच असलेली खूण तेवढी पुसायची होती, पण बाळ रडत उठलं आणि राहूनच गेलं.

सोमवारी सॉफ्टवेअर दवाखान्यात लागलं आणि तीही कामावर परतली. आज बुधवार. काउंटरपुढे एक आजोबा गाल धरून उभे होते. गालाचा पार भोपळा झालेला.

“मावशी, यांना दोनदा परत पाठवलंत?” डॉक्टरीणबाई काउंटरवरच्या मावशींवर कडाडल्या. “आत मी खुर्ची पुसत बसलेय!”

“दहा वाजताच्या यादीत पाच जण लागलेत ना बाई. रोज लागतात, येत एक नाही. फोन केला तर नंबरच चुकीचा म्हणतात.”

“मग डोकं वापरायचं! वीस वर्षं काउंटरवर माश्या मारल्यात का?”

“हिनेच सांगितलं, यादीत असेल तेच पाळा, मनाचं काही करू नका.” मावशींनी शेजारी संगणकापाशी बसलेल्या तिच्याकडे बोट केलं.

सांगितलं होतं खरं, तेही ऐटीत. तिचे कान तापले. गप्प बसलं तरी निभावलं असतं. मावशींना बोलणी खायची सवयच होती. हे आपल्या मनात आलं, याचीच तिला सर्वांत जास्त लाज वाटली.

“मावशींची चूक नाही,” ती म्हणाली. “ती पाच माणसं नाहीतच. नमुना म्हणून सॉफ्टवेअरबरोबर आली. आणि ते मी लिहिलेलं नाही, तयार घेतलंय. एका दुपारचं काम.”

“आणि तीन आठवडे?”

“बाळाजवळ होते.”

डॉक्टरीणबाई आजोबांना आत घेऊन गेल्या. दार लागलं.

“बाळासाठी राहिलीस, कोण नको म्हणालं असतं?” मावशी हळूच म्हणाल्या. “पण त्या म्हाताऱ्याला मी घालवत होते, तेव्हा तू इथेच होतीस की गं.”

ती यादीतली खोटी नावं पुसू लागली.

“थांब,” मावशी चष्मा चढवत म्हणाल्या. “एकेक मला दाखवून पूस.”