न पाहिलेलं वाळवंट

दुबईचं वाळवंट विकण्यात अनुराधाचा हात धरणारं इंग्लंडमधल्या रीडिंग गावात कोणी नव्हतं. ब्रॉड स्ट्रीटच्या मागच्या गल्लीतल्या एका लहानशा ट्रॅव्हल एजन्सीत ती काउंटरवर बसायची. नव्वदीची सुरुवात होती. हिवाळ्यात स्पेनला जाऊन कंटाळलेल्या लोकांना दुबईची नुकतीच चटक लागत होती. कोणी आत येऊन 'डेझर्ट सफारी' असं नुसतं पुटपुटलं तरी मॅनेजर जॅनेट आतून हाक द्यायची, "अनूकडे जा. ती स्वतः जाऊन आलीय!"

मग अनुराधा सांगायला लागायची. दुपारी गाडी हॉटेलवर घ्यायला येते. गावाबाहेर पडून थोडं गेलं की रस्ताच संपतो आणि तांबूस वाळूच्या टेकड्या सुरू होतात. गाडी त्यांच्यावरून वरखाली जाते. सूर्य मावळताना एका उंच टेकडीवर थांबवतात, तिथं कोणी मोठ्यानं बोलत नाही. मग तंबू, गालिचे, उंटावरची रपेट, हातावर मेंदी, निखाऱ्यावर भाजलेलं मांस. ऐकणारा माणूस ओल्या कोटाची बटणं सोडायचंही विसरायचा.

आणि या वाळवंटात अनुराधानं कधी पाऊलसुद्धा ठेवलं नव्हतं.

एजन्सीनं तिला दुबईला पाठवलं होतं हे खरं. वेगवेगळ्या गावांतल्या एजन्स्यांच्या माणसांना तिथली हॉटेलं आणि सहली दाखवायचा तो दौरा होता. पण सफारीच्या दुपारी तिची कॉलेजातली मैत्रीण वैजयंती हॉटेलवर आली. वैजयंती नवऱ्याच्या नोकरीमुळे तिथंच राहत होती. "वाळूत काय बघायचंय? घरी चल, श्रीखंड केलंय," म्हणाली. अनुराधा डोकं दुखायचं निमित्त सांगून सटकली. दुपारभर दोघी हसल्या, जेवल्या, बाजारात हिंडल्या. दुसऱ्या दिवशी नाश्त्याला ब्रिस्टलच्या एका बाईनं सफारीचं रसभरीत वर्णन केलं. अनुराधानं सूर्यास्त ऐकला, उंट ऐकला. "मी तर जीव खाऊन किंचाळत होते!" असंही ती बाई हसत म्हणाली होती. ते मात्र अनुराधानं या कानानं ऐकलं आणि त्या कानानं सोडून दिलं.

परत आल्यावर जॅनेटनं सगळ्यांसमोर विचारलं, "मग? कसं होतं वाळवंट?" ऑफिसच्या खर्चानं गेलेल्या बाईनं 'मी गेलेच नाही' असं कसं सांगायचं? अनुराधानं ब्रिस्टलच्या बाईचा सूर्यास्त सांगून टाकला. ते इतकं छान जमलं की पुढे तेच तिचं काम होऊन बसलं. हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ असलेल्या तिच्या नवऱ्याला, श्रीनिवासलाही, तिनं तोच सूर्यास्त सांगितला होता.

त्र्याण्णवच्या जानेवारीत सुभाष आपल्या आईला घेऊन एजन्सीत आला. सुभाष मोटरवेच्या कडेच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होता. अनुराधाची त्याच्याशी आणि त्याच्या बायकोशी, सीमाशी, मराठी मंडळाच्या कार्यक्रमांत ओळख झालेली. त्याची आई रंभाबाई सहा महिन्यांसाठी नागपूरहून आली होती. उभी हयात कापडगिरणीत काढलेली, ठेंगणी, तरतरीत बाई. मुलाचा जाड कोट तिच्या घोट्यापर्यंत आला होता.

"जयभीम, बाई," रंभाबाई म्हणाल्या.

"नमस्कार, मावशी. बसा ना."

"आईला फेब्रुवारीतल्या हाफ टर्मच्या सुट्टीत दुबई दाखवायची आहे," सुभाष म्हणाला. "इथल्या थंडीनं पार कंटाळलीय. सीमा म्हणते सफारी घ्याच. तुम्ही सांगा कसं असतं ते."

अनुराधानं सांगितलं, या वेळी मराठीत, आणि मराठीत ते अजूनच रंगलं. रंभाबाई हनुवटीवर हात ठेवून ऐकत होत्या. सगळं ऐकून झाल्यावर त्या पुढे वाकल्या.

"एक सांग, पोरी. त्या गाडीत गचके बसतात काय वं? माही पाठ ठीक नाही. हाडं ठिसूळ झाली म्हणून डॉक्टरनं सांगतलं. खरं सांग. नाही तं मी आपली हॉटेलात बसते."

ते अनुराधाला ठाऊकच नव्हतं. माहीत नाही, विचारून सांगते, एवढं म्हणायला काहीच लागलं नसतं. आत जाऊन दुबईच्या सफारी कंपनीला फोन करता आला असता. पण जॅनेट कॉफीचा कप घेऊन मागेच उभी होती, आणि सुभाष इतक्या विश्वासानं बघत होता.

"छे हो, मावशी! पाळण्यात बसल्यासारखं वाटतं. मी जाऊन आलेय ना!"

रंभाबाई दिलखुलास हसल्या. "मंग जातो आपण."

हाफ टर्म संपली आणि त्याच आठवड्यात मंडळातल्या रेखाचा फोन आला. बोलता बोलता ती म्हणाली, "अगं, सुभाषच्या आईचं कळलं का? दुबईत गाडीत आपटून पाठीचे दोन मणके दबले. विमानातून कशीबशी आणली म्हणे. आता अंथरुणालाच खिळलीय."

रेखा पुढे कोणाच्या तरी डोहाळजेवणाचं बोलत राहिली, पण अनुराधाला काही ऐकू येईना.

रात्रीच्या जेवणात तिनं श्रीनिवासला सुभाषच्या आईचं सांगितलं आणि असं कसं होतं, म्हणून सहज विचारल्यासारखं केलं. तो म्हणाला, "टेकडीवरून गाडी धाडकन खाली येणार, मग म्हाताऱ्या हाडांना एक दणका पुरतो. पण तू तर बसून आलीस त्या गाडीत. तुला कळायला हवं होतं ना, की ठिसूळ हाडांच्या माणसाला पाठवू नये?"

"आमची गाडी एवढी नव्हती आपटत," ती ताटात बघत म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सुभाष एजन्सीत आला. अनुराधाला वाटलं, आता हा आपल्यावर तुटून पडणार. मनातून तिला तेच बरं वाटलं असतं. पण तो तिच्यावर चिडलेला नव्हताच.

"त्या ड्रायव्हरची कंप्लेंट करायची आहे मला," तो जॅनेटला म्हणाला. "तुमच्या अनुराधानं सांगितलं होतं की राइड अगदी जंटल असते. आणि हा माणूस वेड्यासारखा गाडी पळवत होता. आई ओरडेपर्यंत थांबला नाही. गुलजमान नाव होतं त्याचं."

जॅनेटनं अनुराधाकडे वळून विचारलं, "अनू, तू केलीयस ही ट्रिप. तुमच्या वेळी असंच होतं का?"

दोघंही तिच्याकडे बघत होते. सत्य सांगायचं तर हीच ती वेळ होती, आणि ते तिला त्या क्षणीही कळत होतं. पण इतके दिवस जे तोंडात बसलं होतं तेच बाहेर आलं.

"नाही. आमचा ड्रायव्हर फार सांभाळून चालवत होता."

जॅनेटनं तिथल्या तिथं दुबईला फोन लावला. आवाज चढवून बोलली. आपली स्वतःची माणसं त्या सहलीला जाऊन आली आहेत, ती कशी असते ते आपल्याला ठाऊक आहे, असंही म्हणाली. सुभाषनं जाताना अनुराधाचे आभार मानले. "तुम्ही होतात म्हणून बरं झालं."

काही दिवसांनी जॅनेट काउंटरवर येऊन म्हणाली, "त्या ड्रायव्हरला काढून टाकलं त्यांनी. चांगलं झालं, नाही?" अनुराधानं मान हलवली आणि समोरच्या गिऱ्हाईकाला तिकिटाची तारीख चुकीची सांगितली.

त्यानंतर तिला धड झोप लागेना. त्या माणसाला तिनं पाहिलेलं नव्हतं, तरी तो तिला दिसायचा: कधी म्हातारा, कधी तरुण, कधी लेकुरवाळा. वाळूच्या टेकड्यांवरून गाडी नेहमी तशीच आपटत जाते, हे आता तिला पक्कं माहीत झालं होतं. आडून आडून तिनं दुबईहून आलेल्या एका जोडप्याला विचारून घेतलं होतं. "सगळेच तसे चालवतात, त्यातच तर मजा!" असं ती दोघं म्हणाली होती.

शेवटी एका शनिवारी मऊ खिचडीचा डबा घेऊन ती सुभाषच्या घरी गेली. सीमा कामावर गेली होती. सुभाषनं दार उघडलं आणि तो चहा टाकायला आत गेला. पुढच्या खोलीत, बाबासाहेबांच्या तसबिरीखाली रंभाबाईंचा पलंग मांडला होता. त्या कमरेला पट्टा लावून उताण्या पडल्या होत्या. त्यांना कुशीवर वळता येत नव्हतं, म्हणून अनुराधाच खुर्ची पुढे ओढून त्यांना दिसेल अशी बसली.

"आली काय? बस," रंभाबाई म्हणाल्या. "मले तं तुझा सूर्य काही दिसला नाही, बाई. तंबूत पडून होती."

"फार दुखतंय का, मावशी?"

"दुखते. पण तो डायवर मोठा भला माणूस. वाळू सुरू व्हायच्या आधी खाली उतरून, चाकं रुतू नये म्हणून, त्यातली हवा सोडत होता. तवा त्यानं माह्याकडे पाहिलं अन् विचारलं, 'अम्मा, पीठ ठीक है ना? नहीं तो मैं आपको सीधे रास्ते से तंबू पे छोड देता हूँ, ये लोग बाद में आयेंगे.'"

अनुराधानं विचारलं, "मग?"

"मंग काय? मी म्हटलं, हमारी एक लडकी आके गयी है, वो बोली कुछ नहीं होता, झूले जैसा लगता है. दोनदा विचारलं त्यानं. सुभाष अन् सीमा फोटो काढत होते, त्यायले ठाऊक नाही. मंग त्या उतारावर माही पाठ गेली. त्यानं थांबवली ना गाडी. पण टेकडीच्या मधात थांबवता येत नाही, उलटते म्हणे. खाली आल्यावर मले उचलून त्यानंच तंबूत नेलं. पाणी पाजलं. सुभाषले सांगितलं मी, त्याले एखादं कार्ड पाठव म्हणून. पाठवलं का नाही कोण जाणे."

कार्डाऐवजी काय पाठवलं गेलं ते या बाईला कोणी सांगितलंच नव्हतं. स्वयंपाकघरात कपबशा वाजत होत्या.

"मावशी, त्याला नोकरीवरून काढलं."

"काहून?"

"सुभाषनं तक्रार केली. आणि मी... मी सांगितलं की आमचा ड्रायव्हर हळू चालवत होता. पण तसा कोणी ड्रायव्हर नव्हताच. मी गेलेच नव्हते, मावशी. मी ते वाळवंट पाहिलेलंच नाही. त्या दुपारी मी मैत्रिणीकडे जेवत बसले होते."

रंभाबाई छताकडे बघत राहिल्या. अनुराधा रडायला लागली, तसा त्यांनी हात वर केला. तिला जवळ घेण्यासाठी नव्हे, थांब म्हणण्यासाठी.

"रडू नको आता. सुभाषले बोलाव. हे त्याच्यासमोर सांग."

"मावशी..."

"माही पाठ माही आहे, तिचं मी पाहून घेईन. त्याचं पोट होतं ते. बोलाव."

सुभाष चहाचा ट्रे घेऊन दारात आलाच होता. अनुराधानं उभं राहून सगळं पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना ते आणखी क्षुल्लक वाटत होतं, श्रीखंडापायी एका माणसाची नोकरी. सुभाषनं ट्रे खाली ठेवला.

"मी त्या माणसाबद्दल काय काय बोललो फोनवर," तो म्हणाला. मग अनुराधाकडे न बघता, "तुम्ही त्याच दिवशी का नाही बोललात? मी समोरच बसलो होतो ना?"

चहा कोणी घेतला नाही.

सोमवारी सुभाषनं स्वतः दुबईला फोन करून तक्रार मागे घेतली. तिकडून उत्तर आलं की तो माणूस आता आमच्याकडे नाही, कुठे गेला माहीत नाही, आणि त्याच्या जागी दुसरा घेतला आहे. अनुराधानं जॅनेटलाही सगळं सांगितलं. जॅनेट ओरडली नाही, पण त्या दिवसापासून तिला 'अनू' म्हणायचं तिनं बंद केलं. तिला काउंटरवरून उचलून मागच्या खोलीत फेरीबोटींच्या आणि कोच-बसच्या बुकिंगवर बसवलं. घरी श्रीनिवास एवढंच म्हणाला, "मलासुद्धा?" आणि पेपर उघडून बसला.

अनुराधानं वैजयंतीला फोन केला. त्या दुपारची हकीकत ऐकून वैजयंतीला हुंदका आला, कारण बोलावलं तर तिनंच होतं. तिच्या नवऱ्यानं ओळखीपाळखीच्या ड्रायव्हरांकडे चौकशी चालवली. ईस्टरच्या सुमाराला पत्ता लागला: गुलजमान शारजात पाण्याचा टँकर चालवत होता. वैजयंतीचा नवरा एका शुक्रवारी मुद्दाम गेला. टँकरजवळ उभं राहून त्यानं सांगितलं, की इंग्लंडमधली एक बाई तुमची माफी मागते, चूक तिची होती, जुन्या कंपनीत तुमच्यासाठी बोलायलाही ती तयार आहे.

"मग तो काय म्हणाला?" अनुराधानं फोनवर विचारलं.

"काही नाही गं," वैजयंती म्हणाली. "ऐकून घेतलं सगळं. मग काच वर केली आणि टँकर सुरू करून निघून गेला."

तोवर रंभाबाई पट्टा बांधून घरात हळूहळू चालायला लागल्या होत्या. मे महिन्यात त्या नागपूरला परत जाणार होत्या. अनुराधा त्यांना हे सांगायला गेली. सुभाषनं दार उघडलं, "आई मागे आहे," एवढं म्हणाला आणि वर निघून गेला.

मागच्या छोट्या बागेत रंभाबाई खुर्चीत बसून ऊन खात होत्या. अनुराधानं उभ्या उभ्याच टँकरची आणि काचेची गोष्ट सांगितली. काही गाळलं नाही, काही मऊ केलं नाही.

"बरोबर केलं त्यानं," रंभाबाई म्हणाल्या.

"हो," अनुराधा म्हणाली.

रंभाबाईंनी तिला बस म्हटलं नाही, आणि जा असंही म्हटलं नाही. शेजारच्या बागेत कोणी तरी गवत कापत होतं. अनुराधा थोडा वेळ तशीच उभी राहिली, मग बाजूच्या दारानं बाहेर पडून बस स्टॉपच्या दिशेनं चालायला लागली.