करारात नसलेली चार भोकं

व्हॅनच्या तळावरच्या चटईखाली चार भोकं होती. प्रत्येकाचा व्यास बारा मिलिमीटर, कडा कानशीने गुळगुळीत केलेल्या, आत आटे पाडलेले आणि तोंडाला काळी प्लास्टिकची बुचं. चारही मिळून एक आयत होत होता. त्याचे दोन्ही कर्ण मी मोजले. अर्ध्या मिलिमीटरचाही फरक निघाला नाही. काम सुरेख होतं. फक्त ते करारात नव्हतं.

करार मीच लिहिला होता, अकरा कलमांचा. मी वजनं-मापं तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे शब्दही तोलून वापरायची सवय लागली आहे. व्हॅन ताईची, माझ्या थोरल्या बहिणीची. तीन वर्षांपूर्वीच्या अपघातात तिच्या पायांतली शक्ती गेली. मधल्या दाराला रॅम्प, छत नऊ सेंटिमीटरने उंच आणि चालकाशेजारची सीट काढून तिथे व्हीलचेअर जखडायची सोय, एवढं काम ठरलं होतं. ही भोकं मात्र चालकाच्या सीटभोवती होती. आणि नवव्या कलमात लिहिलं होतं की लेखी संमतीशिवाय कोणताही बदल करू नये.

गाडीचं काम करणाऱ्याला सगळे मिस्त्री म्हणत. पन्नाशीचा माणूस, कानावर खडू, गळ्यात दोरीला बांधलेला चष्मा. मी त्यांना नववं कलम दाखवलं. ते चष्मा न लावताच म्हणाले की मला अकराही कलमं पाठ आहेत, इतका अभ्यास शाळेत केला असता तर आज मीही मॅडमसारखा टेबलामागे बसलो असतो. पलीकडे दाराला रंग मारणारा माणूस हसला. मी हसले नाही. भोकं बुजवल्याशिवाय गाडी ताब्यात घेणार नाही, असं मी सांगितलं.

मिस्त्रींनी वाद घातला नाही. वेल्डिंगने तासाभरात बुजवून देतो म्हणाले, पण आधी कारण ऐका. त्यांची कामाची एक रीत होती. गाडीचा तळ उघडा असतानाच पुढच्या गरजेची जागा करून ठेवायची. घरात खुंटी केव्हाही ठोकता येते. गाडीत नंतर भोक पाडायचं तर खालची इंधनाची नळी, तारा, सगळं उचकटावं लागतं. म्हणून ते प्रत्येक गाडीत अशी सोय ठेवतात आणि गिऱ्हाईक विचारेपर्यंत बोलत नाहीत. ही चार भोकं उद्या चालकाची सीट काढून तिथे व्हीलचेअर जखडता यावी म्हणून होती.

"पण इथे पुढची गरज कोणाची?" मी विचारलं. "ताई शेजारी बसणार आहे. चालकाच्या जागी तिची खुर्ची कशाला?"

"मापं घ्यायला आलात तो दिवस आठवा," ते म्हणाले. "मी ताईंना म्हटलं, हात सोयीचे वाटतील तसे ठेवा. माणसं मांडीवर ठेवतात. त्यांनी दोन्ही हात समोर धरले, असे." त्यांनी हवेत स्टिअरिंग धरून दाखवलं. "वीस वर्षं माणसांची मापं घेतोय, मॅडम. शेजारी बसणाऱ्याचे हात असे नसतात."

त्या दिवशी मी तिथेच होते. वहीत 'कोपर ते कोपर सत्तावन सेंटिमीटर' असं माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. मी आकडा पाहिला होता, हात पाहिले नव्हते.

हाताने चालवायच्या गाडीचं शिक्षण ताईने सहा महिने घेतलं होतं. परवानाही पहिल्याच फटक्यात मिळाला. तो कपाटाच्या खणात पडून वर्ष झालं होतं. कधी चालवणार असं विचारलं की ती "बघू" म्हणायची आणि विषय बदलायची. अपघाताच्या वेळी गाडी तीच चालवत होती. शेजारी मी होते. चूक समोरच्या ट्रकची होती, हे कागदोपत्री सिद्धही झालं. पण माझ्या डाव्या हाताची करंगळी तेव्हापासून वाकत नाही, आणि त्यावर आम्ही दोघी कधी बोललो नव्हतो. करारात तिच्यासाठी 'प्रवासी' हा शब्द मी तिला न विचारता लिहिला होता. तिने न वाचता सही केली. निदान मला तसं वाटलं होतं.

ताई बाहेर सावलीत बसली होती. "फूटपट्टी, अजून किती मोजायचं राहिलंय?" तिने तिथूनच हाक मारली. लहानपणापासून ती मला हेच म्हणते.

टेप माझ्या हातात होता आणि मला काहीतरी खटकत होतं. भोकांपासून स्टिअरिंगपर्यंतचं अंतर मी मोजलं. पुन्हा मोजलं. वहीतली ताईच्या हाताची पोच पाहिली.

"ही भोकं चुकीच्या जागी आहेत," मी म्हणाले. "चाळीस मिलिमीटर मागे पडलीत. मापं घेतली तेव्हा तिच्या पाठीला जाड उशी होती, आता पातळ आहे. ती मागे बसते. कोपर ताठ होईल. वळणावर हात पुरणार नाहीत."

मिस्त्रींनी आता चष्मा लावला. माझ्याकडे पाहिलं, मग टेपकडे.

"म्हणजे भोकं असायला हरकत नाही," ते सावकाश म्हणाले. "जागा चुकली, एवढंच."

रंगारी ब्रश थांबवून ऐकत होता. माझा सगळा युक्तिवाद माझ्याच टेपने कापला होता.

मिस्त्रींनी मांडणीवरून त्या भोकांवर बसवायची एक लोखंडी पट्टी काढली. तिची भोकं गोल नव्हती, लांबट होती. खुर्ची पन्नास मिलिमीटर पुढे-मागे सरकवता येईल अशी. माणसं जाड होतात, उशा बसतात, म्हणून पट्टी नेहमी अशीच करतो म्हणाले. चूक मात्र मान्य, आणि ती मॅडमनी धरली हे ते बिलावर लिहून देतील.

तेवढ्यात रॅम्पवर चाकांचा आवाज आला. ताई स्वतःच वर आली होती. तिने खाली वाकून एका भोकाचं बूच काढलं, बोट आत घालून आटे चाचपले आणि बूच पुन्हा बसवलं.

"ताई, सांगा," मिस्त्री म्हणाले. "सही तुमची आहे. बुजवू?"

ताई माझ्याकडे पाहत होती. माझ्याकडे म्हणजे माझ्या करंगळीकडे. मी तो हात पाठीमागे नेला नाही. करार उघडला, 'प्रवासी' शब्दावर आडवी रेघ मारली आणि करार पेनासकट तिच्या मांडीवर ठेवला.

"तुला भीती नाही वाटणार?" तिने विचारलं.

"वाटेल. शेजारी बसून मोजत राहीन."

ती हसली. पेन तिने घेतलं नाही. दोन्ही हात समोर उचलून तिने स्टिअरिंगच्या उंचीवर धरले, जसे त्या दिवशी धरले असणार, आणि मिस्त्रींना म्हणाली,

"बुजवू नका. गाडी मी चालवणार."