पहिली हाक भवानीची

स्पीकरच्या डब्यातून पहिली हाक आली ती पावागडच्या कालिकेला. रखमाबाईंनी हातातली हळदीकुंकवाची वाटी खाली ठेवली.

"बंद करा तो डबा."

डबा बंद झाला. कारेलीबागेतल्या त्या बैठकीच्या खोलीत पाहुणे दाटीवाटीनं बसले होते. मधोमध तांदळाचा चौक, त्यावर कलश, वर ज्वारीच्या पाच ताटांचा मांडव. पाटावर नातू मानसिंग आणि त्याची नवी नवरी जिगीषा, उपरण्याला पदराची गाठ मारलेली. रखमाबाईंचे धाकटे दीर सुभानराव पेटती दिवटी घेऊन उभे होते आणि दिवटीचं तेल ठिबकू लागलं होतं.

जगदाळ्यांच्या घरात लग्न लागलं म्हणून सून घरची होत नाही. गोंधळ घालून देवांना नावानिशी बोलवायचं, त्यांच्यासमोर सून उभी करायची, तेव्हा कुठं तिनं देव्हाऱ्याला हात लावायचा. आणि बोलवायचं ते ठरल्या मानानं. आधी तुळजापूरची भवानी, मग जेजुरीचा खंडोबा, मग जोतिबा, आणि शेवटी पावागड. लग्नाच्या पंगतीत मानाचं पान चुकलं तर माणसं ताटावरून उठतात, इथं तर देव होते.

रावपुऱ्यातले दत्तोबा गोंधळी गेल्या पावसाळ्यात वारले. पोरांनी बापाचा संबळ माळ्यावर टाकून नोकऱ्या धरल्या. मात्र मागच्या एका लग्नात मानसिंगनं दत्तोबांच्या हाका मोबाइलवर भरून ठेवल्या होत्या, एकेका देवाची वेगळी. त्याच त्यानं पेनड्राइव्हवर घातल्या. घराण्याचा गोंधळ चिमूटभर प्लास्टिकात मावला याचाच रखमाबाईंना राग होता, पण दुसरा इलाज नव्हता.

"आजी, मी नंबर घातले होते," मानसिंग पाटावरून कळवळून म्हणाला. "भवानीला एक, खंडोबाला दोन. लॅपटॉपवर बरोबर दिसतंय."

"लॅपटॉपवर दिसून काय करू? बाशिंग बांधलं आरशाला आणि नवरा हिंडतोय मोकळा."

मुलगा संपतराव पुढं आला. बँकेतून निवृत्त झाल्यापासून प्रत्येक भांडण आपण मिटवू शकतो असं त्याला वाटायचं. "आईसाहेब, सगळे देव येणारच आहेत. मागंपुढं झालं तर काय बिघडलं?"

"दूधवाल्याकडं कुणी मधे घुसलं तर तुमचा आवाज कोपऱ्यावर ऐकू येतो, संपतराव. आणि भवानीनं मात्र मागं उभं राहायचं."

"बरं, मग बटण दाबत दाबत पुढं नेतो. भवानी आली की थांबवतो."

"म्हणजे वाटेत एकेकाला अर्धी हाक मारायची आणि त्याच्या तोंडावर दार लावायचं? तुमच्या व्याह्यांना तसं बोलावून बघा एकदा."

व्याही समोरच बसले होते. त्यांनी छताच्या पंख्याकडं पाहिलं.

सुभानरावांनी दिवटी दुसऱ्या हातात घेतली. "वहिनीसाहेब, देवाला चालतं सगळं."

"देवाला चालत असेल. मला चालत नाही. नाही तर उठा सगळे, जेवून घ्या. गोंधळ होणार नाही."

गोंधळ नाही म्हणजे काय हे सगळ्यांना कळलं, पाटावरच्या मुलीला सगळ्यात आधी. हे लग्न रखमाबाईंच्या मनाविरुद्ध झालं होतं. साखरपुड्यालाच त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या होत्या, "तलवारीच्या घरात तराजू आला." मुलीचे वडील मांडवीत कापडाचे व्यापारी. तेव्हा जिगीषा खाली मान घालून हसली होती, आणि ते हसणं रखमाबाईंना अजून बोचत होतं.

आता तीच बोलली, आजेसासूला गुजराती सवयीनं 'बा' म्हणत. "बा, डबा नाव नाही वाचत. नंबर पण नाही वाचत."

"मग काय वाचतो?"

"काहीच नाही. जे पहिलं आत गेलं, ते पहिलं वाजवतो. आमच्या सोसायटीत गरब्याची पेनड्राइव्ह मीच भरते ने, एटले माहीत." तिनं मानसिंगकडं वळून विचारलं, "तमे पहेलां शुं नाख्युं?"

मानसिंगनं कान खाजवला. "आवाज बघायला म्हणून आधी पावागडची एकटीच घातली होती. बाकीच्या नंतर."

रखमाबाईंनी डब्याकडं नीट पाहिलं. "म्हणजे हा माझ्यासारखाच अडाणी. अक्षर ओळखत नाही, आधी कोण आलं तेवढं ध्यानात ठेवतो. मग बरोबर आहे त्याचं. चूक शिकलेल्यांची."

"सगळं पुसून परत एकेक भरावं लागेल," जिगीषा म्हणाली. "पाच मिनिटं."

"भर."

गाठ सोडायची नव्हती, म्हणून लॅपटॉप पाटावरच आला. मुंडावळ्या मागं सारून नवरीनं पेनड्राइव्ह रिकामी केली. एरवी रखमाबाईंनी असला तमाशा चालू दिला नसता. आज त्या मुलीच्या शेजारी बैठक मारून बसल्या, डोळ्यांत तेल घालून.

"भवानी गेली आत?"

"गेली, बा."

"आता खंडोबा."

मुलीचं बोट थांबलं. तिनं हळूच विचारलं, "बा, यात आमच्या बहुचरमाँला नाही बोलवत?"

संपतराव खाकरला. सुभानराव लगेच म्हणाले, "अगं पोरी, हा जगदाळ्यांचा गोंधळ आहे. पिढ्यान् पिढ्यांचा क्रम."

मुलीचं बोट परत खंडोबावर गेलं. तेवढ्यात रखमाबाईंनी तिचं मनगट धरलं.

"भावजी, पावागडची कालिका काय आपल्या पूर्वजांबरोबर साताऱ्याहून घोड्यावर बसून आली होती?"

"म्हणजे?"

"म्हणजे इथं आलो, इथलं अन्न खाल्लं, तेव्हा घराण्यातल्याच कुणीतरी तिला क्रमात घातली. तेव्हाही एखादा सुभानराव दिवटी घेऊन नको म्हणाला असेल."

मागच्या बायकांत कुणीतरी फिस्सकन हसलं.

"पण हाक कोण मारणार? दत्तोबांनी बहुचरेची भरलेली नाही."

"मी मारते."

"बाईमाणसानं गोंधळात हाक द्यायची नसते, वहिनीसाहेब."

"मग तुम्ही द्या. येते? तुम्हाला आरतीत दुसरं कडवं लागलं की टाळ्यांचा जोर वाढतो, ते काय मला दिसत नाही?" त्यांनी नातवाकडं हात पसरला. "मान्या, मोबाइल धर तोंडापुढं."

दत्तोबांचा सूर त्यांच्याकडं नव्हता. गळा पत्र्यासारखा. पण आयुष्यभर ऐकलेली चाल अंगात होती. त्यांनी पदर खोचला आणि शेजारच्या सोसायटीपर्यंत जाईल असा आवाज लावला. "बहुचराई, तुझी लेक आमच्या दारात आली गं. पाट मांडलाय, दिवा लावलाय, जगदाळ्यांच्या घरी गोंधळाला ये."

मग त्या मोबाइलवर वाकून नातवाशी काही पुटपुटल्या. मानसिंगनं ती फाइल लॅपटॉपवर घेतली. "कुठं घालू? शेवटी?"

"सून घरात घेतली की उंबऱ्यात बसवतात का? दुसरी घाल. भवानीच्या शेजारी."

जिगीषानंच ती घातली. मग खंडोबा, मग जोतिबा, मग पावागड. वर तिनं एकदा न सांगता सगळा क्रम तपासला, ते रखमाबाईंनी पाहिलं आणि पाहिलं नसल्यासारखं केलं.

डबा सुरू झाला. दत्तोबांचा संबळ कडाडला आणि पहिली हाक भवानीला गेली. म्हाताऱ्या बायकांचे हात आपोआप जोडले गेले. मग रखमाबाईंचा पत्रा वाजला. पाटाशेजारी बसलेली जिगीषाची आई पदर डोळ्यांना लावू लागली. आणि हाक संपता संपता, सगळ्या पाहुण्यांसमोर, डब्यातून तोच आवाज पुढं बोलला, "झालं का रे? आणि भावजींना काय वाटायचं ते वाटू दे."

खोली हसून लोळली. सुभानरावही हसले, काय करतील, दिवटी हातात होती.

गोंधळ उरकल्यावर रखमाबाईंनी निरांजन सुनेच्या हाती दिलं आणि तिला देव्हाऱ्यापुढं उभं केलं.

"बा," वात सारखी करत ती म्हणाली, "ते शेवटचं वाक्य उद्या कापून टाकू?"

"राहू दे," रखमाबाई म्हणाल्या. "धाकट्या नातवाच्या लग्नालाही लागेल."