न्तोमेची रांग

हरमॅटन वारा सुटला की समुद्रकाठच्या त्या गावात भरदुपारीही पहाटेसारखं धूसर दिसतं. वाळवंटाकडून आलेली पांढरी धूळ नारळीच्या झापांवर बसते, माणसांच्या पापण्यांवर बसते. अशा एका दुपारी न्यायमूर्ती कोबिना एसिफु, मंगळवारी जन्मले म्हणून कोबिना, कोर्टात बसले होते. घोड्याच्या केसांचा टोप कपाळाला टोचत होता. लाटांचा आवाज त्यांना मध्येच आईच्या मुसळासारखा वाटे, मध्येच जुन्या सभांतल्या गर्दीसारखा.

किती सभा घेतल्या! विलायतेहून वकील होऊन आले आणि पहिलाच मोठा खटला जिंकले, तो जमिनीच्या हद्दीचा. लोकांनी खांद्यावर घेतलं, पुढारी केलं. आमची जमीन आमचीच, असं सांगत ते सरकारशी भांडले आणि म्हातारपणी न्यायाधीश झाले. सगळ्याचा पाया तो एक खटला.

समोर अबा एदुवा काठी टेकून उभी होती. शेजारच्या घराण्याचा प्रमुख एबो हा कोकोच्या बिया साठवायचं गोदाम बांधायला न्तोमेच्या झाडांची रांग तोडणार होता. ती तोडू देऊ नका, एवढंच तिचं मागणं.

कोर्टात इंग्रजीच चाले, म्हणून मेन्सन नावाचा दुभाषा होता.

"ह्याला कशाला सांगतोस रे दुसऱ्या भाषेत?" अबा फणकारली. "ह्याची आई माझ्या अंगणात बसून ह्याला आपल्या फांती बोलीतच शिव्या घालायची. तेव्हा बरा दुभाषा लागला नाही!"

मेन्सनने घसा साफ करून इंग्रजीत सांगितलं, "साक्षीदाराची साहेबांच्या घरच्यांशी ओळख आहे."

मागच्या बाकांवर हशा पिकला. एबोही हसत उठला. "साहेब, न्तोमे म्हणजे हद्दीचं झाड, हे पोरंसोरंही सांगतील. आणि ही हद्द तर तुम्हीच माझ्या बापाला मिळवून दिलीत!"

न्यायमूर्तींची गुंगी उतरली. कागदांवर नुसता जमिनीचा नंबर होता. ती हीच जमीन.

"हद्दीवर लावतात, खरंय," अबा म्हणाली. "पण आमच्या घरात बाळंतपणात गेलेल्या बाईला पुरलं की तिच्या उशाशीही लावतात. सात झाडं, सात बायका. शेवटचं माझ्या आईचं. मला तिच्या शेजारी निजायचंय. तेव्हाही इथेच उभी राहून हेच सांगितलं होतं मी."

मेन्सन म्हणाला, "झाडं तिच्या आईची आहेत, असं ती म्हणते."

तेव्हाच्या दुभाष्यानेही तेवढंच सांगितलं होतं. गोऱ्या न्यायाधीशाने तेवढंच लिहून घेतलं. तरण्या कोबिनाला मात्र अबाचा शब्द न् शब्द कळला होता. आणि ते गप्प बसले होते. वहीत आलं नाही ते बोललंच गेलं नाही, असा कोर्टाचा कायदा.

धूळ खिडकीतून आत येत होती. त्या धुळीत त्यांना सात बायका दिसल्या. कुशीत तान्ही लेकरं घेऊन त्या एका रांगेत बसल्या होत्या, जणू आपल्या नावाचा पुकारा व्हायची वाट बघत.

आता बोलायचं, तर खांद्यावर घेतलेला तो कोबिना खाली उतरवावा लागणार होता.

त्यांनी दौत ओढली आणि हुकूम लिहिला: हा खटला दुसऱ्या न्यायाधीशापुढे चालावा, तोवर झाडांना कुऱ्हाड लावू नये. मग ते उठले आणि तीन पायऱ्या उतरून अबासमोर आले.

"नाना," फांतीत आजीला म्हणतात तशी त्यांनी हाक मारली, "तुझ्या बाजूने साक्षीला कोण आहे?"

"कोण असणार? ऐकणारे सगळे मेले."

"मी आहे. मी ऐकलं होतं."

एबोचं हसू मावळलं. मेन्सनने सवयीने घसा साफ केला.

अबाने डोळे बारीक करून त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "चाळीस वर्षं लागली होय रे, मंगळवारच्या पोरा?"

"लागली."

"मग साक्षीला येशील तेव्हा ते डोक्यावरचं काढून ये," ती म्हणाली. "तुझ्या आईला ओळखू यायला हवास."