रांजणाखालचे सात खडे

गुरुवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी प्रयोगशाळेची चिठ्ठी आली. पुडीतले सातही खडे साध्या वाळूतले होते. मूत्रपिंडातला एकही नव्हता.

डॉ. इख्लासनी ती दोनदा वाचली. रुग्ण फकी तैराब, वय एकसष्ट, सुदानमधल्या अल-उबैद शहराच्या कडेला मुलांना कुराण शिकवणारे. एक मूत्रपिंड आठ वर्षांपूर्वी काढलेलं. उरलेल्यातला खडा फोडायला सोमवारी यंत्राने अडीच हजार धक्के दिले होते. सूचना तीनच होत्या: दिवसाला तीन लिटर पाणी, लघवी जाळीच्या फडक्यातून गाळायची, सापडेल ते घेऊन यायचं. एक्स-रेच्या फिल्म संपत आलेल्या. त्यामुळे बुधवारी बायकोने पुडी आणताच डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, ‘खडा पडतो आहे’, आणि फिल्म वाचवली.

बायको, सित्तना, समोरच उभी होती.

“हे खडे कुठले, सित्तना?”

“रांजणाखालचे. पण धुऊन आणले होते हो.”

“धुऊन!”

“मग काय करू? ते म्हणाले, ज्या घरात कुराण शिकवतो तिथे मूत गाळत बसू? फडक्याची घडीसुद्धा मोडली नाही. तुम्ही म्हणाला होतात, खडे नाही पडले तर पुन्हा यंत्रावर घ्यावं लागेल. प्रत्येक ठोक्याला दात आवळत होते. मला बघवलं नाही.”

“पाणी तरी पितात?”

“चार घोट. जास्त प्यायलं की सारखं उठावं लागतं, नमाजाआधी हातपाय धुऊन केलेला वजू मोडतो.”

“आज किती वेळा गेले?”

सित्तनाने आठवून पाहिलं. “काल संध्याकाळच्या नमाजानंतर नाहीच. मला वाटलं, बरं झालं, वजू टिकला.”

डॉ. इख्लास उठल्याच. “आहेत कुठे?”

“बाहेर, लिंबाखाली. लाजतायत.”

सोनोग्राफीत मूत्रपिंड फुगलेलं दिसलं. खालच्या नळीत खड्याचा चुरा एकामागे एक अडकून बसला होता. मूत्रपिंड बंद पडू लागलं की रक्तात चढणारं क्रिएटिनिन सोमवारी एक पूर्णांक चार होतं, ते पाच पूर्णांक दोनवर गेलं होतं.

“फकीसाहेब, पाठीतून नळी घालायची. लघवी पिशवीत येईल.”

“पिशवी अंगावर असताना नमाज...” फकी थांबले. मग स्वतःच म्हणाले, “होते. आजाऱ्याला सवलत आहे. मीच शिकवतो मुलांना.”

“मुलं शिकली,” सित्तना म्हणाली. “मास्तर राहिले.”

फकी हसले नाहीत. तिचा हात मात्र त्यांनी सोडला नाही. शेवटी परिचारिकेने सोडवला.

बारा पन्नासला नळी बसली. दोन वाजेपर्यंत पिशवीत तीस मिली जमलं, लालसर; तासाला निदान चाळीस यायला हवं होतं. दर अर्ध्या तासाने सित्तना वाकून पिशवीवरचा आकडा बघते आणि परिचारिकेला विचारते, वाढला का. रक्ताचा दुसरा अहवाल सहाला यायचा आहे. पावणेपाचला आकडा पस्तीस होता.