कळव्याच्या माश्या आणि अमेरिकेचं झाड

दर्शनाच्या माश्या अमेरिकेला जाऊन आल्या, ही बातमी ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या त्या लहानशा प्रयोगशाळेत चहाला उकळी फुटायच्या आत पसरली.

दर्शना राहते कळव्याला. तिच्या इमारतीच्या गच्चीवर मधमाश्यांच्या पेट्या आहेत, आणि त्या माश्या कुठल्या फुलांवर जातात हे शोधणं तिचं काम. त्यासाठी माश्यांमागे धावावं लागत नाही. पेटीच्या दाराला जाळी लावली, की माश्यांच्या पायांवरचे परागाचे गोळे खाली पडतात. त्यांतला डीएनए यंत्रानं वाचायचा आणि संगणकातल्या जगभरच्या झाडांच्या डीएनए-संग्रहाशी ताडून बघायचा. नारळ निघाला, जांभूळ निघालं, शेवगा निघाला. आणि सगळ्यांत जास्त निघालं ते अमेरिकेच्या किनाऱ्यावरचं एक झाड!

"तुझ्या माश्यांकडे पासपोर्ट आहे का गं?" शेजारच्या टेबलावरच्या साईनाथनं विचारलं, आणि सगळे खो खो हसले.

प्रयोगशाळेचे प्रमुख प्रफुल्ल सर तेवढे हसले नाहीत. "नमुने मिसळलेत. अख्ख्या उन्हाळ्याचे फेकून दे," ते म्हणाले. "यापुढे हे काम साईनाथ बघेल."

दर्शनाच्या पायाखालची जमीनच सरकली. डंख खाऊन, भर उन्हात जमवलेले नमुने होते ते! एकेक कुपी तिनं स्वतःच्या हातानं बंद केली होती. तिला रडू येत होतं, पण त्याहून राग जास्त येत होता, आणि राग कधीकधी फार कामाला येतो.

"सर, फेकायच्या आधी मला थोडे दिवस द्या," ती म्हणाली आणि अहवाल उघडून बसली.

अहवालात झाडांची नावं ठळक असायची आणि किती टक्के जुळलं ते बारीक अक्षरांत, त्यामुळे तिकडे कोणी बघायचंच नाही. नारळ शंभर टक्के. जांभूळ शंभर. अमेरिकेचं झाड शहाण्णव. म्हणजे ते हे झाड नव्हेच, याचं कोणीतरी भावंड! खरं झाड संग्रहात नसलं, की यंत्र आपलं जवळच्या नातेवाइकाचं नाव ठोकून देतं.

हे अमेरिकन झाड वाढतं खाऱ्या चिखलात. ते वाचलं आणि दर्शनानं कपाळावर हात मारला. संग्रहासाठी ठाण्यातल्या झाडांची पानं आणायला सगळी मंडळी येऊरला गेली, बागा हिंडली, तलावपाळीला भेळसुद्धा खाऊन आली. कळव्याला लागून असलेल्या खाडीकडे मात्र एकजणही फिरकला नव्हता. चिखलात कोण उतरणार?

दर्शना उतरली. ओहोटी बघून, सलवार खोचून, डासांना शिव्या घालत तिनं खाडीतल्या, त्या अमेरिकन झाडाच्याच कुळातल्या तिवराची पानं आणली आणि त्यांचा डीएनए यंत्रात घातला.

निकाल आला तेव्हा सर तिच्या मागेच उभे होते. एकीकडे पान, दुसरीकडे पराग. अक्षराला अक्षर जुळत गेलं. शंभर टक्के!

"तिवर!" दर्शना एवढ्यानं ओरडली, की बाहेरचा वॉचमन आत डोकावला. "माश्या इथेच खाडीवर गेलेल्या, सर! नमुने बरोबर होते!"

साईनाथनंच आधी टाळ्या वाजवल्या.

"माझं चुकलं," सर म्हणाले. "हे तिवर संग्रहात घाल. आणि काम तूच बघायचं."

"एकटी नाही बघणार, सर. खाडीत अजून बरीच झाडं राहिलीत."

पुढच्या ओहोटीला अख्खी प्रयोगशाळा चिखलात होती. प्रफुल्ल सरांचा एक बूट रुतला तो रुतलाच, आणि सगळ्यांच्या पुढे चालणारी दर्शना वळून सांगत होती, "राहू द्या तो, सर. माझ्या मागोमाग या."